माया सोड

बाबा हातावर टॅटू काढून घेणार आहेत ही बातमी थोरलीला घरातल्या कुणी दिली नाही. ती दिली आत्याने, औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर, गुडघ्याचं मलम हातात घेऊन, मागे गिऱ्हाईकं ताटकळत असताना.

"तुला ठाऊकच असेल म्हणा," आत्या म्हणाली. समोरच्याला ठाऊक नसलेली गोष्ट सांगायची असली की तिची सुरुवात अशीच व्हायची.

"काय ते?"

"तुझा बाप गोंदून घेतोय. या वयात. रविवारी, सूनबाईच्या खुर्चीत बसून."

थोरलीने मलम पिशवीत टाकलं. "चेष्टा केली असेल तुझी."

"चेष्टा? बाही वर करून जागा दाखवली मला. इथे, म्हणाला, मनगटाच्या वर. आणि काय लिहून घेतोय तेही ऐक. 'माया सोड.'" आत्याने आवाज खाली आणला, पण रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढाच. "शब्दांना मी नावं ठेवत नाही. तिचे शेवटचेच शब्द ते. पण चांगले शब्द भिंतीवर टांगावेत. कातडीवर कशाला?"

थोरलीने पुढच्या माणसाकडून डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि बराच वेळ ती उलटी धरून वाचत राहिली. शेवटी त्या माणसानेच ती हळूच फिरवून दिली.

माया सोड. आई गेली त्याच्या आदल्या दुपारी थोरली तिच्या उशाशी बसली होती. आईने तिचं मनगट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग तिच्याकडे बघत अगदी स्पष्ट म्हणाली, "माया सोड." थोडं थांबून पुन्हा, या खेपेला जरा वैतागून, "अगं, माया सोड." त्यानंतर ती काही बोललीच नाही. बाबा तिथेच उभे होते. ते औषधाचा पेला विसळायला आत गेले, आणि पलंगाच्या पायथ्याशी बसलेल्या आत्याने डोळे पुसत म्हटलं, "बघ बाई. जाणारं माणूस आपल्या तोंडाने सांगतंय. माझ्यात गुंतू नका, मला मोकळं करा."

तो अर्थ तिथेच पक्का झाला. पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आत्याने तो आतल्या खोलीत ऐकवला, बाबा बाहेर पुरुषांत बसलेले असताना. लोक म्हणाले, किती स्वच्छ मनाने गेली. थोरली मान डोलवायची, आणि तिच्या आत काहीतरी कुसळासारखं हलायचं. लग्न केलं तेही आईच्या घरापासून चार गल्ल्यांवर, दर संध्याकाळी पाय आपसूक तिकडे वळायचे, अशा मुलीला आईने जाता जाता सांगावं की आता पुरे झालं. आणि तेही वैतागून. हे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. सांगितलेलं ऐकायची मात्र तिला लहानपणापासून सवय, म्हणून तिने ते पाळायचा प्रयत्न केला. आईचे कपडे देऊन टाकले. चष्मा दिला. आईच्या दुकानावरून जाणारा रस्ता सोडून ती लांबच्या रस्त्याने घरी जायला लागली.

आणि आता तेच शब्द बाबांच्या हातावर येणार होते. पेपर धरताना ते दिसणार, कप उचलताना दिसणार, तिच्या डोक्यावर हात ठेवतानाही दिसणार.

रविवारी औषधांचं दुकान अर्धाच दिवस उघडं असे. ती अंगातला पांढरा कोट न काढताच निघाली. वाटेत तिने सगळं घोळवून ठेवलं. त्या शब्दांबद्दल अवाक्षर काढायचं नव्हतं. गरजच नव्हती. बाबांची रक्त पातळ करायची गोळी चालू होती, साखरही होती. एवढं कारण कुठल्याही भांडणाला पुरलं असतं. भांडण अर्थातच भावजयीशी होतं.

शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत गेली.

रस्त्याला लागून असलेली ही एकच लांबट खोली. आई तिच्यात कपडे शिवायची आणि बाबा मागच्या भिंतीशी इस्त्रीला उभे असायचे. गल्ली आईला मास्तरीण म्हणायची, त्यामुळे नव्याने राहायला आलेली माणसं मुलांची शिकवणी ठरवायला यायची आणि बाहीचं माप देऊन जायची. भावजय लग्न होऊन आली तेव्हा टॅटूचं सामान पेटीत घालून लोकांच्या घरोघरी फिरत होती. कुणाला न विचारता आईने एके सकाळी खोली मधोमध कापली, कापड कापावं तशी. "दोघींचंही पोट सुईवर," एवढंच तिने सांगितलं. कोटांच्या अस्तरांचे उरलेसुरले तुकडे जोडून तिने एक पडदा शिवला. पडद्याच्या अलीकडे खुर्ची, दिवा, शाईच्या बाटल्या. पलीकडे बेतायचं टेबल आणि मशीन. पलीकडचा दिवा आज बंद होता. थोरलीने तिकडे बघितलं नाही.

बाबा टॅटूच्या लांबलचक खुर्चीत पाय पसरून बसले होते, न्हाव्याकडे बसल्यासारखे प्रसन्न. धाकटा चित्रांचा आल्बम चाळत होता. तो गाडी चालवायला शिकवायचा, आणि जगातल्या प्रत्येक माणसाच्या शेजारी बसून त्याला सूचना द्याव्यात असं त्याला वाटायचं.

"ये ठके," बाबा म्हणाले. त्यांच्या लेखी ती अजून ठकीच होती. "वेळेवर आलीस. याला सांग, मला नांगर नको. मी काय शेत करतो?"

"जहाजाचा नांगर आहे तो, बाबा," धाकटा म्हणाला. "जुन्या पद्धतीचं काम. बघ ताई, जाड काळी रेघ आणि आत गच्च रंग. टिकतं म्हणे."

"टिकतं ते खरंय," भावजय म्हणाली. ती स्टुलावर बसून पेन्सिलीला टोक करत होती. हातात ना मोजे, ना सुई. "ताई, चहा ठेवू?"

"नको. बाबा, मला बोलायचंय."

"बोल की. पण आधी हे बघ." त्यांनी आल्बम तिच्यापुढे धरला. "हा म्हणतो, तुझ्या आईचा चेहराच काढा."

"फोटोसारखा," धाकटा म्हणाला. "या मुलीने तिच्या कुत्र्याचा काढून घेतलाय. मिशीचा केस न् केस दिसतो."

"मांडीवर आहे तो, आणि तळहाताएवढा आहे," भावजय म्हणाली. "चेहऱ्याला जागा लागते. मनगटाशी बसवला तर डोळे टाचणीच्या डोक्याएवढे होणार. वर्षं गेली की सावल्या एकमेकींत मिसळतात. आईंच्या नाकाचं पुढे काय होईल ते मी नाही सांगू शकत."

"नाक आधीच कुणाला सांगण्यासारखं नव्हतं," बाबा म्हणाले, इतक्या मायेने की धाकट्याने पान उलटलं.

"मग हे? नुसते रंग उडवलेत. रेघच नाही कुठे."

"सुरुवातीला फार सुंदर दिसतं. पण बाहेरची रेघ नसली की रंगाला धरून ठेवायला काही नसतं. आणि बाबा दिवसभर अर्ध्या बाह्यांत उन्हात हिंडतात. उन्हाने टॅटू विटतो."

"तू सगळ्यालाच नाही म्हणतेस. गिऱ्हाईक टिकतं कसं तुझ्याकडे?" धाकटा म्हणाला.

"नाही म्हटलेलंच गिऱ्हाईक परत येतं," भावजय म्हणाली. "हो म्हटलेलं दुसरीकडे जातं, पुसून मिळेल का विचारायला."

शटरखालून आधी काठी आली आणि मग आत्या. "झालं का गोंदून? रक्त बघवत नाही मला, म्हणून मुद्दाम उशिरा आले."

"बस अक्का. ठरतंय अजून."

आत्याने बसता बसता आल्बममध्ये डोकावून घेतलं आणि एका पानावर बोट ठेवलं. "काढायचंच असलं तर हे काढ. नुसते ठिपके. डास चावलेत म्हणून सांगता येईल."

थोरलीला वाटलं, आता नाही तर मग नाहीच. सगळे हसत होते, आणि या घरात हसता हसता गोष्टी ठरून जायच्या. आईने खोली कापली तीही अशीच.

"बाबा, तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता," ती म्हणाली. आवाज काउंटरवरचा निघाला. "सुई लागली की रक्त लवकर थांबायचं नाही. साखरेमुळे जखम भरायला वेळ लागेल, पिकलीबिकली तर प्रकरण वाढेल. तुमच्या वयाची कातडी पातळ असते." मग भावजयीकडे वळून, "हे तुला माहीत नव्हतं का? विचारायचं तरी होतंस."

भावजयीने पेन्सिल खाली ठेवली. "माहीत आहे, ताई. बाबांनी पहिल्यांदा विषय काढला तेव्हाच मी नाही म्हटलं. मग त्यांनाच घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, गोळी बंद करायची नाही, आणि गोळी चालू असताना सुई लावायची नाही. पुढच्या तपासणीनंतर गोळी बदलली तर विचार करू."

थोरलीच्या हातात भांडण होतं आणि समोर घ्यायला कुणी नव्हतं. "मग हे खुर्चीत काय करतायत?"

"हट्ट."

"घ्या," बाबा धाकट्याला म्हणाले. "दोघी एक झाल्या. तुझ्या आईची आणि माझ्या बहिणीची अशी युती जन्मात झाली नाही."

"एकदा झाली होती," आत्या म्हणाली. "तुला मिशी काढायला लावली तेव्हा."

थोरली हसली नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं, निम्मं वाटलंही. पण बाबा म्हणाले, "आज नाही तर तपासणीनंतर. मला घाई नाही. शब्द मात्र तेच हं."

"शब्दांचंही बघू द्या ना," भावजय म्हणाली. तिने कागदावर दोन शब्द लिहिले होते, एकदा बारीक, एकदा ठळक. ती कागद घेऊन बाबांच्या हातापाशी आली. "तुम्हाला हे नाजूक आवडलंय, पण मी ते काढणार नाही. शाई कातडीत हळूहळू फुटते, टीपकागदावर फुटते ना तशी. हा 'ड' बघा, याचं पोट भरून जाईल. 'म'ची गाठ नुसता ठिपका होईल. दहा वर्षांनी कुणाला वाचताच यायचं नाही. म्हणून अक्षर मोठं घ्यायचं, आणि दोन रेघांमध्ये माया सोडायची."

"काय म्हणालीस?" थोरलीने विचारलं.

"अक्षर मोठं घ्यायचं."

"त्याच्यापुढे."

"माया सोडायची. मोकळी जागा, ताई." भावजयीला वाटलं, आपण काही वावगं बोललो. "आईंचाच शब्द आहे. मी इथे बसून बारीक फुलं काढायचे, तर त्या पडद्यातून मान घालायच्या आणि म्हणायच्या, 'सुंदर आहे गं, पण माया सोडली नाहीस. माणूस काय, आहे तेवढाच राहतो होय?'"

थोरली स्टुलाच्या कडेवर टेकली.

हा शब्द तिने याच खोलीत, टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायच्या वयापासून ऐकला होता. कापडावर आधी शिवणीची रेघ, तिच्याबाहेर कापायची रेघ, आणि दोघींच्या मध्ये राहते ती माया. शिवल्यावर आत दुमडून जाते. मुलगी वाढली, बाईचं अंग भरलं, की शिवण उसवून त्यातून कपडा सैल करायचा. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला आई दिवसातून कितीदा तरी बजावायची. पण तो शब्द दुकानातला होता. ओळखीचा कंडक्टर साध्या कपड्यांत दिसला की ओळखू येत नाही, तसा तो पलंगापाशी तिला ओळखू आला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही हातावर काय लिहून घेताय?"

"किती वेळा सांगू? माया सोड."

"म्हणजे काय?"

शर्टाला बटण कशासाठी असतं असं कुणी विचारावं, तसे बाबा तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे काय म्हणजे? बेतताना माया सोड. अगदी रेघेवर कापू नकोस."

"मला वाटलं…" तिने पुन्हा सुरुवात केली. "त्या दुपारी आई माझ्याकडे बघून म्हणाली. मला वाटलं, ती सांगतेय की आता माझी माया सोड. माझ्यामागे मागे करू नकोस."

धाकट्याने आल्बम मिटला.

"इतके महिने तुला हे वाटतंय?" बाबांनी विचारलं.

तिने मान हलवली.

"कुणी सांगितलं तुला असं?"

आत्याकडे कुणीही बघितलं नाही, आणि त्यामुळेच सगळं उघड झालं. आत्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. "मला काय ठाऊक तुमच्या धंद्यातलं? जाणाऱ्या माणसाच्या तोंडी माया आली, मला माया वाटली."

"अक्का, तुझे ब्लाउज तिने दर वर्षी सैल करून दिले. ते कशातून करत होती?"

"ते मी कशाला बघायला गेले? मला मापात बसल्याशी मतलब." मग तिचा आवाज उतरला. "मी सगळ्यांना सांगत सुटले रे. ही समोर असायची तरी सांगायचे. पोरी, एकदा तरी तोंड उघडायचंस."

बाबा खुर्चीतून उतरले. उतरायला त्यांना वेळ लागला, तरी त्यांनी धाकट्याचा हात घेतला नाही. थोरलीपाशी येऊन त्यांनी तिच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली आणि कडेने उलटी केली. हा कोट आईनेच शिवलेला होता. आतल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना कापड घट्ट दाबून बसवलेलं होतं, बाहेरच्यापेक्षा पांढरं, ऊन न लागलेलं.

"ही बघ. दुसरीकडे अर्धं बोट सोडतात. ही दोन बोटं सोडायची. गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तरीण, तुमचे कपडे शिवणीत जड लागतात. ती म्हणायची, पुढच्या वर्षी या, तेव्हा जड लागणार नाहीत." त्यांनी अंगठ्याने शिवण दाबली, सवयीने. "त्या दिवशी ती सकाळपासून बेतत होती गं. चादरीच्या चुण्या काढत होती, सारखी करत होती, मध्येच वीत टाकत होती. तू बघितलं नाहीस?"

"बघितलं. मला वाटलं तळमळतेय."

"तुझं मनगट धरलं होतं ना?"

"दोनदा."

"कसं? अंगठा आणि हे मधलं बोट?"

थोरलीने आपलं मनगट स्वतःच धरून बघितलं. अंगठा आणि मधलं बोट, कडं जुळवल्यासारखं. पहिल्यांदा सैल धरलं होतं, मग सोडून पुन्हा, जरा आवळून.

"माप घेत होती," बाबा म्हणाले. "हाताशी टेप नसला की असंच घ्यायची. तुझ्या बाहीचं काहीतरी मनात असेल तिच्या."

"पण वैतागली का माझ्यावर?"

बाबांनी विचार केला. ते असल्या प्रश्नाला घाईने उत्तर देणारे नव्हते. "तिच्या लेखी तू टेबलापाशी असशील. तू कधी बेतायला बसली नाहीस, मनात फार होतं तिच्या. त्या दुपारी तिला वाटलं असेल, बसलीस एकदाची. आणि पहिल्याच कापाला अगदी रेघेवर चाललीस." ते जरा हसले. "वैतागेल नाही तर काय."

थोरलीच्या घशातून जे निघालं ते हसू होतं की काय, तिला स्वतःलाही कळलं नाही. भावजयीने खोक्यातला कागदी रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला. टॅटू काढताना रडणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तो खोका तिथे कायमच असायचा.

"बाबा, तुम्हाला मग कशाला हवेत ते शब्द?" धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच सूचना देणाऱ्याचा नव्हता. "हौस म्हणून म्हणालात मला."

बाबा शिवणीवरून अंगठा फिरवतच राहिले. "तिचं काम लोकांनी बाहेरून बघितलं. आतून बघणारा मी एकटा. तिने सोडलेली माया मी रोज इस्त्रीने दाबून बसवायचो. चेहऱ्याचं नाही मला. फोटो आहेत. आवाज जातोय. आधी इथे कानाशी लख्ख यायचा, माया सोड, माया सोड. आता शब्द येतात पण आवाज माझाच असतो. म्हटलं, सगळंच पुसून जायच्या आधी कुठेतरी ठोकून ठेवू."

पंख्याखाली कागदावरचे दोन शब्द फडफडत होते. भावजयीने त्यांच्यावर हात ठेवला.

"मग शब्द घेऊ नका," ती म्हणाली. "मी मघापासून हेच म्हणायचं म्हणत होते, पण धीर होत नव्हता. टॅटू आपण आपल्यासाठी काढतो, पण वाचतं सगळं जग. बसमधला शेजारी विचारणार, संन्यास घेतला का. प्रत्येकाला तुम्ही बाही उलटी करून दाखवणार का? आत्यांना जे वाटलं तेच सगळ्यांना वाटेल."

"माझं नाव घेऊ नकोस पुन्हा," आत्या म्हणाली, पण मऊपणे.

"मग काय काढशील?" बाबांनी विचारलं.

भावजय वळून पडद्यापलीकडे गेली. दिवा लागला. अस्तरांचे तुकडे एकदम आतून उजळले, निळे, करडे, लालसर. ती आली ती शिंप्याचा चपटा खडू घेऊन. आल्बमच्या काळ्या पाठीवर तिने दोन रेघा ओढल्या, एक सलग आणि तिच्या बाजूने एक तुटक, मध्ये दोन बोटांची जागा ठेवून. बाकी काही नाही.

बाबांनी आल्बम हातात घेतला. "सलग ती शिवण," ते म्हणाले, "आणि तुटक ती कापायची."

"आईंच्या खुणा. नुसत्या रेघा आहेत, पोट भरायला अक्षर नाही. शाई फुटली तरी मध्ये जागा आहे. म्हातारपणी कातडी सैल झाली तरी चालेल."

"म्हातारपणी म्हणजे?" बाबा म्हणाले. "अजून किती?"

"सुई मात्र तपासणीनंतरच," थोरली आणि भावजय एका श्वासात म्हणाल्या. धाकट्याने कपाळावर हात मारला.

"तोवर पेन," भावजय म्हणाली. "तसाही माझ्याकडे हा नियमच आहे. ज्याला काढायचंय त्याच्या अंगावर आधी पेनाने काढून देते आणि घरी पाठवते. अंघोळ करा, आरशात बघा, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. पुसल्यावर चुकल्यासारखं वाटलं तर परत या. बरेचजण येत नाहीत."

"पेन टिकतं किती?" धाकट्याने विचारलं.

"पुढच्या रविवारपर्यंत कसंबसं."

"मग दर रविवारी बाबांना इथे आणायचं? माझे तर रविवारी शिकणारे असतात."

"माझंही गिऱ्हाईक असतं," भावजय म्हणाली. तिने कातडीवर चालणारं जांभळ्या शाईचं पेन टोपण काढून थोरलीपुढे धरलं. "ताईंचं दुकान अर्धा दिवस असतं."

"मला रेघ कुठे येते?"

"सरळ तर ओढायचीय."

"हात टेकवायला टेबल लागेल," बाबा म्हणाले, आणि कुणाची वाट न बघता पडदा बाजूला करून आत गेले.

थोरली त्यांच्यामागून गेली. टेबल रिकामं होतं. कडेने आईच्या कात्रीचे बारीक चरे होते, आणि लाकडाच्या रेषांत खडूची पूड अजून बसलेली होती. ती तिच्या कोटाच्या बाहीला लागली. तिने झटकली नाही. बाबांनी बाही वर केली आणि हात टेबलावर कापड पसरावं तसा पसरला. आतली बाजू वर. ती बाजू गोरी होती, निळ्या शिरांची. मनगटाशी इस्त्री भाजल्याचे जुने डाग होते. पडद्याशी भावजय उभी राहिली, तिच्यामागे धाकटा, आणि बसल्या जागेवरून मान लांब करून आत्या.

"कातडी डाव्या हाताने जरा ताणून धरा," भावजय म्हणाली. "पेन दाबू नका."

थोरलीने बाबांचं मनगट धरलं. अंगठा आणि मधलं बोट. ते आता सहज जुळत होते, बाबा एवढे वाळले होते. पहिली रेघ तिने श्वास रोखून ओढली. ती मध्ये थोडी डगमगली, पण सलग आली.

मग तिने पेनाचं टोक दुसऱ्या रेघेसाठी टेकवलं. पहिल्या रेघेला अगदी चिकटून, चुकू नये म्हणून.

बाबांनी मान वाकवून बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं. आई करायची तसंच.

"अगं," ते म्हणाले, "माया सोड."

तिने पेन उचललं. दोन बोटं पलीकडे टेकवलं, आणि तिथून रेघ सुरू केली.